वकिलीचे प्रात्यक्षिक आणि कोल्हापूर: उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे खंडपीठ, कोल्हापुरात सुरू झाले. बार कौन्सिलच्या (वकिली आणि कायद्याचे शिक्षण यांचे नियमन करणारी संस्था) 2008 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विधी विद्यार्थ्याने एकदा तरी खटला चालवणाऱ्या आणि अपील चालवणाऱ्या वकिलाकडे इंटर्नशिप केली पाहिजे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला ती किमान 12 आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20 आठवडे. उच्च न्यायालयातले अपील बघायचे तर आजवर मुंबई गाठावी लागे, आणि तिथल्या मुक्कामाचा खर्च राधानगरी-शाहूवाडीकडच्या मुलांना झेपत नसे. ती अडचण आता उरलेली नाही. घोडे अडते ते हाताला धरून शिकवणारा माणूस नसल्यामुळे.

नियम चांगले आहेत. प्रात्यक्षिकाच्या एका पेपरला 100 गुण आहेत: तीन अभिरूप न्यायालयांना (काल्पनिक खटल्यातला सराव युक्तिवाद) 30, एक दिवाणी व एक फौजदारी खटला बघून नोंद ठेवण्याला 30, अशिलाची मुलाखत आणि दावा दाखल होण्याची तयारी बघून डायरी लिहिण्याला 30, तोंडी परीक्षेला 10. प्रत्यक्षात विद्यार्थी अकरा वाजता कोर्टात येऊन बसतो, प्रकरण पुकारले जाते आणि पुढची तारीख पडते. अशा चार फेऱ्या झाल्या की तो गेल्या वर्षीची वही उतरवून काढतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला एकच प्रकरण सीएनआर क्रमांकासह (कोर्टाच्या संगणकावरचा त्या प्रकरणाचा क्रमांक) नेमून द्यावे. ते प्रकरण चालवणाऱ्या वकिलाच्या संमतीने वादपत्र (वादीचा लेखी दावा), कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) आणि रोजनामा (तारीखवार कामकाजाची नोंद) आधी वाचून घ्यावा आणि उलटतपासाची तारीख ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर बघून त्याच दिवशी पाठवावे. निशाणी 5 चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज वाचून गेलेल्या मुलाला मनाईचा युक्तिवाद कुठे वळतो ते बसल्या जागी कळते.

लिहिण्याचा सराव तर फारच तोकडा पडतो. धनादेश न वटल्याची नोटीस घ्या. गुळाच्या व्यापाऱ्यापासून इचलकरंजीच्या यंत्रमागधारकापर्यंत सगळ्यांना लागणारे हे काम. धनादेश परत आल्याचा बँकेचा मेमो 3 जूनला हाती आला, तर नोटीस 3 जुलैपर्यंत निघालीच पाहिजे. ती समोरच्याला 10 जुलैला मिळाली तर पैसे द्यायला त्याला 25 जुलैपर्यंत मुदत. 26 जुलैला तक्रारीचे कारण घडते आणि तिथून एक महिन्यात तक्रार दाखल करायची. 25 जुलैलाच दाखल केली तर ती मुदतीआधीची म्हणून टिकत नाही. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, नोटिशीला उशीर झाला तर ती सोय नाही. विद्यार्थी आणखी एक चूक हमखास करतात: धनादेशाची रक्कम वेगळी न दाखवता व्याज आणि खर्च मिसळून एकच आकडा मागतात, आणि नोटीस तिथेच लंगडी पडते. या नोटिशीचे कलम 138 (परक्राम्य संलेख अधिनियम) पाठ असलेल्या मुलाला कॅलेंडर समोर ठेवून या तारखा मांडायला सांगा, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते दिसेल.

जमिनीच्या दाव्यातही तेच. सातबारा हेक्टर-आरमध्ये, जुना दस्त एकर-गुंठ्यांत. 40 गुंठ्यांचा एकर म्हणजे सुमारे 40.47 आर. हे न जुळवता मिळकतीचे वर्णन लिहिले, चतुःसीमा जुन्या दस्तातून जशाच्या तशा उचलल्या, की हुकूमनामा (कोर्टाचा निकालाचा आदेश) हातात असूनही अंमलबजावणीत भांडण नव्याने उभे राहते. शिवाय जिल्हा न्यायालयातले बरेचसे कामकाज मराठीत चालते, आणि मसुदा लेखनाचा सराव मात्र अनेकदा इंग्रजीत होतो. सत्यापन (मजकूर खरा असल्याची सही), पुरसिस (कोर्टाला दिलेले छोटे लेखी निवेदन), दाव्यास कारण (दावा करण्याचा हक्क ज्यातून आला ती घटना) हे शब्द मुलाला सनद मिळाल्यावर पहिल्यांदा भेटू नयेत.

गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणारे महाविद्यालयातले विधी सेवा केंद्रही नियमात आहे. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी ज्येष्ठ अध्यापकाच्या देखरेखीखाली ते चालवायचे. ते कुठे मोडते हे आम्हाला ठाऊक आहे. मे महिन्यात परीक्षा आणि सुट्टी येते, केंद्राला कुलूप लागते, पण कायद्याची मुदत थांबत नाही. म्हणून प्रत्येक फाईलच्या पहिल्या पानावर शेवटची तारीख लाल शाईने लिहायची आणि सुट्टीआधी ती फाईल सही घेऊन केंद्राच्या यादीतल्या (पॅनेलवरच्या) वकिलाकडे सोपवायची. भावाभावांच्या वाटणीत दोघेही एकाच केंद्रात येऊ शकतात, म्हणून नाव आणि गट क्रमांकाची नोंदवही आधी तपासायची. डायरीत अशिलाचे खरे नाव नको. सल्ला वकिलाच्या सहीनेच जाईल. आलेली बाई असेल तर उत्पन्नाचा दाखला मागत बसायचे नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे मोफत विधी सेवेसाठी तिला उत्पन्नाची अट नाही.

हे सगळे करून घ्यायला रोज कोर्टात उभा राहणारा माणूस लागतो. पूर्णवेळ अध्यापकाला वकिली करता येत नाही. पण वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायला अ‍ॅडव्होकेट्स कायद्याखालच्या 1995 च्या नियमांनी मुभा दिली आहे. ही वाट उघडी आहे. तिच्यावरून कोणी चालत नाही, कारण तासाच्या मानधनात अशील सोडून यायला परवडत नाही आणि विद्यार्थ्यांच्या पंधरा फायली तपासायच्या वेळेचे काहीच मिळत नाही.

नियम बार कौन्सिलचे आणि परीक्षा विद्यापीठाची, हे आम्ही जाणतो. तरी अनुदानित विधी महाविद्यालयांत दर 15 विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक वकील आणि फायली तपासण्याचे वेगळे मानधन, एवढे आपल्या विभागाला करता येईल. शिवाजी विद्यापीठ, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि बार असोसिएशन यांची एकत्र बैठक आपण कोल्हापुरात बोलवावी. नोटीस, वादपत्र आणि जामीन अर्जाचे मराठी नमुने व वर्षभराचे वेळापत्रक घेऊन आम्ही त्या बैठकीला हजर राहू.

आपले,
कोल्हापुरातील काही वकील व विधी अध्यापक