‘श्री.’ नव्हे, बाई!

मा. संपादक, स.न.

रविवारच्या पुरवणीतील रहस्यकथांवरच्या लेखात फ्रेंच रहस्यकथाकार फ्रेद वार्गास यांना ‘श्री.’ लावून एका ओळीत उरकले आहे. त्या बाई आहेत! खरे नाव फ्रेदेरिक ओदुआँ-रुझो, जन्म पॅरिसमध्ये, १९५७. पेशाने उत्खननात सापडणाऱ्या प्राण्यांच्या हाडांच्या अभ्यासक. उंदीर, पिसवा आणि प्लेग यांवर त्यांचे संशोधन आहे.

मी नगरपालिकेत आरोग्य निरीक्षक होतो. निम्मी नोकरी उंदरांचे पिंजरे मोजण्यात गेली, म्हणून त्यांची २००१ची प्लेगवरची कादंबरी (वाचली इंग्रजीतून) मला जवळची. पॅरिसमधल्या दारांवर रातोरात काळ्या रंगात उलटा ४ उमटतो, खाली तीन अक्षरे. अर्थ : लवकर नीघ, लांब जा, उशिरा परत ये. आमची पणजी हेच सांगायची, ‘उंदीर पडला की घर सोडायचं.’ लोक सामानसुमान घेऊन शेतात झोपड्या टाकत. पिसवांमुळे प्लेग पसरतो हे १८९८ मध्ये कराचीत दाखवणारा पॉल-लुई सिमाँही फ्रेंचच.

कादंबरीत तपास करणारा पोलीस कमिशनर आदम्सबेर्ग तर पुराव्यांच्या नादी न लागता नुसता चालत सुटतो. आमच्या साहेबांनी असल्या माणसाला पहिल्याच दिवशी मेमो दिला असता.

– एक निवृत्त आरोग्य निरीक्षक, नाशिक