हँडबिलावरचं नाव

काकानू, नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, तरी त्यात तुमचं नाव नाही. तुमचीच अट: "क्रेडिटात घाल, फेसबुकार नको." मालवण-कसाल रस्त्यावरचं मंडप-साऊंडचं गोडाऊन ज्यांना माहीत आहे ते ओळखतीलच. बाकीच्यांसाठी एवढंच, की डबलबारीत, म्हणजे दोन भजनीबुवांच्या सामन्यात, उभी हयात पखवाज वाजवलेले एक काका आहेत आणि बीट, म्हणजे रॅपच्या मागचा ताल, बनवणाऱ्या एका पोराला त्यांनी वळण लावलं.

बीट म्हणजे काय हे तुम्हाला सांगताना माझी कोण तारांबळ उडाली होती! मी आपलं पुस्तकी सुरू केलं, थेट हिपहॉपच्या जन्मापासून. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचं ब्राँक्स, कूल हर्क नावाचा डीजे, त्याच्या बहिणीची पार्टी. गाण्यात मध्येच नुसता ताल उरतो तेव्हा लोक जास्त नाचतात हे त्यानं हेरलं होतं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटून पालटून लावत तो तुकडा लांबवायचा. पुढे त्या तालावर लोक यमक जुळवून बोलू लागले, मग एकमेकांना शब्दांत पकडू लागले. तुम्ही सुपारी कातरत सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "म्हणजे डबलबारीच मा?" दोन बुवा समोरासमोर, एकानं टोला हाणला की दुसऱ्याची बारी, आणि दोघांच्याही मागे ठेका सांभाळणारा माणूस. हिपहॉप समजावण्याची याहून सोपी रीत मला अजून सापडलेली नाही.

तेव्हा माझ्या लॅपटॉपवर प्रत्येक ठोका चौकटीत नेमका बसवलेला असायचा. तुम्ही दोन मिनिटं ऐकलंत. "झिला, वाजयतंस की मोजतंस?" राग आला होता, खोटं कशाला बोलू. मग तुम्ही भजनी ठेका धरलात, मी मोबाईलवर घेतला आणि रात्री स्क्रीनवर पाहिला. तुमची डावी थाप दर आवर्तनात केसभर उशिरा पडत होती. मी माउसनं ती जागेवर सरकवली, आणि ठेक्यातला जीवच गेला. परत होती तिथे नेऊन ठेवली. वर्षभरानं डेट्रॉइटच्या जे डिला नावाच्या बीट बनवणाऱ्याबद्दल वाचलं. ठोके आपोआप सरळ करण्याची ड्रम मशीनची सोय बाजूला ठेवून तो हातानं वाजवायचा. २००६ साली, अवघ्या ३२ व्या वर्षी गेला. त्याची ती मशीन आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तुमचा पखवाज गोडाऊनात खुंटीला टांगलेला आहे, एवढाच फरक.

त्याच गोडाऊनात लग्नाच्या गाद्या उभ्या रचून आपण स्टुडिओ केला. पावसाची सर पत्र्यावर आली की थांबायचं, सर गेली की पुढचा टेक. पखवाजाच्या अंगावरचे लाकडी गट्टे ठोकून उजवी पुडी, म्हणजे उजव्या तोंडाचं कातडं, तुम्ही काळी एकला मिळवलीत, माझ्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सी शार्प. डाव्या पुडीची कणीक तीनदा काढून पुन्हा लावलीत. बोटभर कणीक जास्त लागली की आवाज किती खाली उतरतो हे मी तिथे पाहिलं. जो खर्ज मी इंटरनेटवर शोधत होतो तो परातीत भिजत पडला होता.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं आणि वीज गेली ती गेलीच. तुमच्या जनरेटरवर गावाचे मोबाईल रांगेत लागले होते, त्या रांगेत माझा लॅपटॉप तुम्ही पुढे घेतलात. मग फाईल पाठवायला रेंज हवी म्हणून मला टेम्पोत घालून हायवेपर्यंत नेलंत. डिझेलचे पैसे आजही घेत नाही, तो विषय वेगळा.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते दुसरंच आहे. माझी पहिली बीट दीड हजाराला गेली. कागद नाही, पत्र नाही. गाणं आलं तेव्हा गाणाऱ्याचं नाव, व्हिडिओवाल्याचं नाव, अगदी गाडी देणाऱ्याचेही आभार. माझं कुठेच नाही. मी म्हटलं, जाऊ दे, ओळख तर झाली. तुम्ही आतून जुन्या हँडबिलांचा गठ्ठा आणलात. प्रत्येकावर बुवांच्या खाली "पखवाज" आणि पुढे तुमचं नाव. "हँडबिलार नाव नाय, तर पखवाज उचलूचो नाय." एवढंच बोलून चहा टाकायला गेलात.

त्यानंतर मी कागदाशिवाय एकही बीट दिली नाही. कोणाचा किती वाटा हे रेकॉर्डिंगआधी लिहून घेतो, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचा संगीतकार म्हणून सभासद झालो. यामुळे दोन कामं हातची गेली. तिसरं अंधेरीतल्या एका म्युझिक लेबलचं होतं, ते टिकलं. आणि आता मीही चाकरमानी झालो.

त्या गाण्यात तुमचा ठेका आहे, म्हणून वाट्याच्या कागदावर तुमचीही सही हवी होती. "हात माझो, गाणा तुझा" म्हणत तुम्ही आठ दिवस टाळलंत. शेवटी सही केलीत आणि वर मंडप डेकोरेटर्सचा शिक्काही मारलात. लेबलच्या वकिलांनी फोन करून विचारलं, ही कोणती कंपनी?

गट्टे ठोकायची हातोडी चुकून माझ्या बॅगेतून मुंबईला आली आहे. गणपतीला कोकणकन्येनं येतोय, तेव्हा आणतो. कणीक भिजवून ठेवा, आणि त्या दिवसापुरता कुत्रा मागच्या दारी बांधा. मागच्या टेकमध्ये तोही आहे, त्याचं नाव मी कुठे घालू?

तुमचो,
झिल