कॉन्टॅक्ट फॉर्मचे मेसेज आमच्यापर्यंत पोचत नाहीत आणि तुमची सिस्टिम लोकांना ‘मेसेज मिळाला’ म्हणून सांगते, याबद्दल तक्रार

प्रति,
सपोर्ट टीम, आणि फॉर्मचं फीचर जे कोणी सांभाळतात ते,

नमस्कार,

आमच्या वेबसाइटवरचा कॉन्टॅक्ट फॉर्म तुमच्या बिल्डरमध्ये, म्हणजे वेबसाइट बनवायच्या टूलमध्ये, बनवलेला आहे. त्यात कोणी काही लिहिलं की ॲडमिनला म्हणजे आम्हाला ईमेल यायला पाहिजे, एवढं एकच काम आहे त्याचं, आणि तेच धड होत नाहीये. काही ईमेल येतात, काही स्पॅममध्ये सापडतात आणि काही कुठेच नसतात. तिकीट टाकून झालं, चॅटवर बोलून झालं, दरवेळी नवीन माणूस येतो आणि पहिल्यापासून सगळं विचारतो, म्हणून आता एकाच जागी सविस्तर लिहितेय. कृपया पूर्ण वाचा आणि मग उत्तर द्या, वरच्या दोन ओळी बघून ठरलेला मजकूर पाठवू नका.

सगळ्यात जास्त काय लागलंय ते आधी सांगते. फॉर्म भरणाऱ्या माणसाला सबमिट दाबल्यावर हिरव्या पट्टीत दिसतं, ‘धन्यवाद, तुमचा मेसेज आम्हाला मिळाला आहे, लवकरच संपर्क करू.’ आणि तो मेसेज आम्हाला मिळालेलाच नसतो! एका बाईंचा फोन आला, चिडलेल्या होत्या, म्हणाल्या की उत्तर द्यायचंच नसेल तर वेबसाइटवर फॉर्म ठेवता कशाला. त्यांनी फॉर्म भरला होता, वाट बघितली होती, परत भरला होता. आमच्याकडे त्यातलं काहीच आलं नव्हतं. त्यांनी निदान फोन तरी केला, जे लोक फोन न करता गप्प बसले त्यांचं काय, ते आम्हाला कधी कळणारच नाही. आमच्या नावाने, आमच्या वेबसाइटवर, तुमची सिस्टिम लोकांना खोटं सांगतेय आणि बदनाम आम्ही होतोय, हे मला अजिबात मान्य नाही.

तुमच्या सपोर्टने पहिल्यांदा सांगितलं स्पॅम फोल्डर बघा. बघितला, त्यात काही मेल होते, बाकीचे नव्हते. मग सांगितलं ब्राउझरचा कॅशे क्लिअर करा. फॉर्म सबमिट झाल्यावर ईमेल पाठवायचं काम तुमचा सर्व्हर करतो, माझ्या ब्राउझरच्या कॅशेचा त्याच्याशी काय संबंध? मग सांगितलं की सेटिंग्समध्ये ‘टेस्ट ईमेल पाठवा’ असं बटण आहे ते दाबा, टेस्ट आला म्हणजे सगळं ठीक आहे. टेस्ट दरवेळी येतो, एका मिनिटात येतो. पण खऱ्या माणसांचे येत नाहीत, आणि असं का हे तुमच्यातल्या कोणीच सांगितलं नाही, त्यामुळे शेवटी आम्हीच शोधत बसलो.

जे मेल पोचले होते त्यांचं मूळ रूप, म्हणजे पूर्ण हेडर (मेल कोणाकडून, कुठून, कसा आला याच्या नोंदी), उघडून बघितले तेव्हा उलगडा झाला. तुमचा फॉर्म नोटिफिकेशन पाठवताना ‘फ्रॉम’ मध्ये फॉर्म भरणाऱ्याचा ईमेल पत्ता टाकतो. म्हणजे याहूचा पत्ता असलेल्या कोणी फॉर्म भरला की तुमचा सर्व्हर याहूच्या पत्त्यावरून आल्यासारखा मेल आम्हाला पाठवतो. दुसऱ्याच्या लेटरहेडवर पत्र लिहिण्यासारखंच आहे हे. कोणे एके काळी ते चालायचं. आता डीमार्क नावाची व्यवस्था आहे, त्यात घेणारा सर्व्हर बघतो की फ्रॉममध्ये जे डोमेन लिहिलंय त्याच्याशी जुळणारा एसपीएफ (त्या डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी) किंवा डीकिम (मेलवरची डोमेनची डिजिटल सही) पास होतोय का, आणि होत नसेल तर त्या डोमेनच्या मालकाने जी पॉलिसी जाहीर केलीय त्याप्रमाणे मेल स्पॅममध्ये टाकतो नाहीतर घेतच नाही. याहूने स्वतःची पॉलिसी ‘रिजेक्ट’ केली एप्रिल २०१४ मध्ये, एओएल या दुसऱ्या ईमेल कंपनीनेही त्याच महिन्यात केली. म्हणजे ही काही काल परवाची गोष्ट नाही, दहा वर्षं उलटून गेली. आणि फेब्रुवारी २०२४ पासून तर गुगल आणि याहू दोघांनीही पाठवणाऱ्यांसाठी नियम आणखी कडक केलेत, गुगलने त्यात स्पष्ट लिहिलंय की फ्रॉममध्ये जीमेलचा पत्ता लावून दुसरीकडून मेल पाठवू नका. तुमचा फॉर्म नेमकं तेच करतो, रोज, आणि फक्त आमच्या वेबसाइटवर नाही तर तुमच्या प्रत्येक ग्राहकाच्या वेबसाइटवर करत असणार.

आता टेस्ट बटण दरवेळी का पास होतं तेही कळलं. टेस्टमध्ये फ्रॉम आमच्याच डोमेनचा असतो, त्यामुळे याहूसारख्या बाहेरच्या डोमेनची पॉलिसी मध्ये येतच नाही. आणि आम्ही स्वतः फॉर्म भरून बघायचो तेव्हा ऑफिसचा पत्ता टाकायचो, तोही आमच्या डोमेनचा, म्हणून तोही यायचा. नापास होण्याची शक्यताच नाही अशी परीक्षा घेऊन तुम्ही लोकांना सांगताय की सगळं ठीक आहे. टेस्ट करायचीच तर जी वाट खऱ्या मेसेजची आहे त्याच वाटेने जाऊ द्या ना, बाहेरचा पत्ता टाकून, फॉर्मच्या सगळ्या फील्ड्ससकट.

उपाय काही अवघड नाही आणि नवीनही नाही. फ्रॉममध्ये कायम आमच्या डोमेनचा एक ठरलेला पत्ता ठेवायचा, भरणाऱ्याचं नाव दाखवायचं असेल तर नावाच्या जागी दाखवा, आणि भरणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’ मध्ये टाकायचा. आम्ही रिप्लाय दाबलं की उत्तर बरोबर त्या माणसालाच जातं, काहीच अडत नाही. पण तुमच्या सेटिंग्समध्ये फ्रॉम बदलायची सोयच दिलेली नाही, रिप्लाय-टू चा रकाना आहे पण तो फक्त वरच्या प्लॅनमध्ये उघडतो. मेल पोचणं ही जास्तीची सुविधा कशी काय असू शकते हे मला कोणीतरी समजावून सांगा.

आता दुसरी गोष्ट, आणि खरं सांगायचं तर ही मला पहिल्यापेक्षा गंभीर वाटते. मेल नाकारला जातो तेव्हा नाकारणारा सर्व्हर ५५० सारखा कोड देऊन कारण सांगतो, आणि न पोचल्याचा निरोप, म्हणजे बाउन्स, जातो तो फ्रॉमवर नाही, रिटर्न-पाथ वर, म्हणजे असे निरोप परत यायला हेडरमध्ये दिलेल्या पत्त्यावर. जे मेल आम्हाला मिळाले त्यांच्या हेडरमध्ये रिटर्न-पाथ बघितला तर तो तुमच्या सर्व्हरचा पत्ता आहे. म्हणजे आमचे जे जे मेसेज नाकारले गेले त्यांचे बाउन्स तुमच्याकडे आलेत, कदाचित आजही येतायत, आणि ते कोणीही उघडून बघितले नाहीत की आम्हाला सांगितलं नाही. डॅशबोर्डमध्ये त्या सबमिशनसमोर हिरवी टिक आणि ‘सेंट’. सेंट म्हणजे काय तर तुमच्या प्रोग्रॅमने मेल पुढे ढकलला, बस. पीएचपी या वेबसाइट बनवायच्या भाषेत मेल पाठवायचं जे फंक्शन आहे त्याच्या मॅन्युअलमध्येसुद्धा लिहून ठेवलंय की मेल पाठवण्यासाठी स्वीकारला गेला याचा अर्थ तो पोचला असा होत नाही. तुम्ही काय वापरता ते मला माहीत असायचं कारण नाही, पण एवढा फरक तुमच्या डॅशबोर्डला कळायला पाहिजे. तात्पुरतं अडलंय आणि परत प्रयत्न चालू आहे, कायमचं नाकारलंय, समोरच्या सर्व्हरने घेतलंय, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हीला एकच हिरवी टिक लावणं म्हणजे आम्हाला अंधारात ठेवणं आहे.

आणि ते सबमिशनसुद्धा डॅशबोर्डमध्ये नुसतं तारीख आणि वेळ एवढंच दिसतं, आत मजकूर नाही. तुमच्या माणसाने चॅटवर सांगितलं की मजकूर आम्ही साठवत नाही, तो फक्त ईमेलमध्ये जातो. अहो मग ईमेल हरवला की मेसेज हरवला! मजकूर आधी डेटाबेसमध्ये ठेवा, तो ठेवला गेला की मगच हिरवी पट्टी दाखवा, आणि ईमेल ही नुसती वर्दी असू द्या की बाबा नवीन मेसेज आलाय, येऊन वाच. वर्दी चुकली तर चुकली, मूळ मेसेज तरी जागेवर असेल. लोकांची माहिती जास्त दिवस ठेवायची नाही हे कारण तुम्ही दिलंत ते मी समजू शकते, मग ती किती दिवस ठेवायची हे ग्राहकाला ठरवू द्या, तीस दिवसांनी आपोआप डिलीट होऊ दे, पण पहिल्याच क्षणी हवेत सोडून देणं ही प्रायव्हसी नाही.

तुमच्या हेल्प पेजबद्दलही सांगायचंय कारण ते वाचून लोकांचं नुकसान होतंय. तिथे लिहिलंय की मेल स्पॅममध्ये जात असेल तर आम्ही दिलेला एसपीएफचा टीएक्सटी रेकॉर्ड (साध्या मजकुराची नोंद) तुमच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, ‘नवीन रेकॉर्ड’ म्हणून टाका. एका डोमेनला एसपीएफचा एकच रेकॉर्ड चालतो. आधीचा असताना दुसरा टाकला तर तपासणी पास-नापास काहीच न होता एररमध्ये जाते, म्हणजे दोन्ही निकामी, आणि मग फॉर्मचे मेल सोडा, ऑफिसच्या रोजच्या मेललाही फटका बसतो. खरं म्हणजे आधीच्याच रेकॉर्डमध्ये तुमचा इन्क्लूड (तुमच्या सर्व्हरची यादीही धरा असं सांगणारा भाग) जोडायचा असतो, आणि तेही जपून, कारण एसपीएफ तपासताना डीएनएसमध्ये दहाच लुकअपची, म्हणजे शोधांची, मर्यादा आहे. आमच्याकडे डोमेनचं काम बघणाऱ्याला हे माहीत होतं म्हणून आम्ही वाचलो, पण ज्याने पहिल्यांदाच डीएनएसचं पान उघडलंय तो तुमच्यावर विश्वास ठेवून सांगितलंय तसंच करणार ना. हे पान आजच्या आज दुरुस्त करा, याला कोडही बदलावा लागत नाही. शिवाय त्या पानावर डीकिमचं नावही नाही, आमच्या डोमेनने सही करून मेल पाठवायची सोय तुमच्याकडे आहे की नाही हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

बाकी लहान गोष्टी, पण त्याही त्रास देतातच. नोटिफिकेशन कोणाला जायचं हे दोन ठिकाणी सेट होतं, एक साइटच्या जनरल सेटिंग्समध्ये आणि एक फॉर्मच्या आत, आणि कुठलं चालणार हे कुठेही लिहिलेलं नाही. फॉर्मच्या आतला रकाना रिकामा असेल तर मेल ज्याने अकाउंट उघडलं त्याला जातो, तो माणूस नोकरी सोडून गेला असेल तरी, म्हणजे लोकांची चौकशी, फोन नंबर सगळं बाहेरच्या माणसाकडे. एकापेक्षा जास्त पत्ते स्वल्पविरामाने लिहिले तर सेव्ह होतात पण जातो फक्त पहिल्यालाच, एररसुद्धा येत नाही. विषयाची ओळ प्रत्येक मेलला एकसारखी, ‘नवीन सबमिशन’, त्यामुळे इनबॉक्समध्ये सगळे एका धाग्यात गुंडाळले जातात आणि कोणाला उत्तर दिलं कोणाला नाही हे शोधावं लागतं, विषयात भरणाऱ्याचं नाव टाकायची सोय द्या. आणि फोटो जोडायची परवानगी देताना हे लक्षात घ्या की ईमेलमध्ये जाताना बेस ६४ मुळे (फाइल अक्षरांत बदलून पाठवायची पद्धत) फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, फॉर्मने फाइल घेतली म्हणजे समोरचा मेल सर्व्हर घेईलच असं नाही, त्यापेक्षा मेलमध्ये नुसती लिंक पाठवा.

सध्या आम्ही फॉर्म काढून तिथे थेट ईमेल पत्ता आणि फोन नंबर टाकलाय. पत्ता उघडा पडल्यामुळे स्पॅम वाढलाय, पण निदान लिहिणाऱ्याचं म्हणणं आमच्यापर्यंत येतंय. पैसे मात्र आम्ही फॉर्मसकट प्लॅनचे भरतोय, तेव्हा फॉर्म नीट चालेपर्यंतचे पैसे पुढच्या बिलात वळते करावेत अशी मागणी आहे.

पण पैशापेक्षा घाईचं काम दुसरं आहे. आमच्या साइटवरून जे मेल नाकारले गेले त्यांचे बाउन्स तुमच्या त्या रिटर्न-पाथच्या मेलबॉक्समध्ये किंवा सर्व्हरच्या लॉगमध्ये असतील. बाउन्समध्ये बहुतेक वेळा मूळ मेलचे हेडर तरी असतात, कधीकधी पूर्ण मजकूरही असतो, म्हणजे कोणी लिहिलं होतं हे त्यातून कळू शकतं. लॉग ठराविक दिवसांनी पुसले जातात, त्यामुळे हे पत्र मिळाल्याबरोबर ते बाजूला काढून ठेवा आणि आमच्या डोमेनचे जेवढे असतील तेवढे आम्हाला द्या. त्या सगळ्यांना आम्हाला स्वतः लिहायचंय, उशिरा का होईना. काही शिल्लक नसेल तर तसं स्पष्ट लिहून कळवा, म्हणजे आम्ही वेबसाइटवर सूचना लावू की ज्यांनी फॉर्म भरूनही उत्तर मिळालं नाही त्यांनी कृपया परत संपर्क करावा.

उत्तर याच मेलला रिप्लाय करून द्या, नवीन तिकीट उघडायला सांगू नका. सोबत पोचलेल्या एका मेलचे आणि स्पॅममध्ये सापडलेल्या एका मेलचे पूर्ण हेडर जोडलेत, त्यातली भरणाऱ्याची वैयक्तिक माहिती झाकलेली आहे. तांत्रिक माणसाला फोनवर बोलायचं असेल तर कामाच्या वेळेत कधीही चालेल, नंबर तुमच्याकडे अकाउंटमध्ये आहे.

कळावे,
तुमची एक ग्राहक