यादीतले शब्द, कोर्टातले शब्द

नाशिक

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परदेशी विद्यापीठात पुढे शिकायला जाण्यासाठी तू जी जीआरई देणार आहेस, तिच्या इंग्रजी शब्दांची तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली हजार शब्दांची यादी प्रिंट काढून आणली आणि पेन्सिल घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. आईचं म्हणणं, परीक्षा पोरीची आणि अभ्यास बापाचा! म्हणू दे. मला गंमत वाटली ती वेगळीच. यादीतली बरीच मंडळी माझ्या ओळखीची निघाली. कॉजंट, टेन्युअस, परफंक्टरी, मिटिगेट, कॉरोबोरेट, एक्झॉनरेट, इक्विव्होकल, स्पेशस, फ्रिव्होलस. सीबीएस बसस्थानकाजवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयात स्टेनोची नोकरी केली त्या सगळ्या काळात हे शब्द माझ्या कानावरून गेलेत. जीआरई नावाची परीक्षा असते हेही तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

ते माझ्या पचनी कसे पडले ते सांगतो, कारण पत्र लिहायला बसलो ते त्यासाठीच. न्यायाधीश साहेब बोलायचे आणि मी लिहायचो. अर्थ कोण सांगणार? डिक्शनरी टेबलावर होती, पण साहेबांचं वाक्य थांबवून ती उघडायची सोय नव्हती. तरी हळूहळू लक्षात यायला लागलं की परफंक्टरी कधी एकटा येत नाही. त्याच्या आगेमागे तपास असतो, पंचनामा असतो नाहीतर चौकशी असते, आणि त्या परिच्छेदाच्या शेवटी पोलिसांची खरडपट्टी असते. कॉजंट म्हणजे पटण्याजोगा, त्याच्या पुढे कारणं किंवा पुरावा. मिटिगेट, म्हणजे सौम्य करणं, निघायचा तो शिक्षा सुनावण्याच्या दिवशी: आरोपीचं वय कमी, पहिलाच गुन्हा, घरात कमावणारा एकटाच. कॉरोबोरेट म्हणजे एकाच्या जबानीला दुसऱ्या पुराव्याची जोड. अशी शंभर वाक्यं हाताखालून गेली की डिक्शनरी उघडायचं कारणच उरत नाही.

तुझ्या यादीत परफंक्टरीसमोर नुसतं ‘वरवरचा’ असं छापलंय. वरवरची जखमही असते आणि वरवरचा रंगही असतो. त्यातलं काहीच परफंक्टरी नसतं. पाट्या टाकल्यासारखा केलेला तपास, तो परफंक्टरी. एका शब्दाला एक अर्थ असं घोकलंस तर परीक्षेत तो शब्द समोर येईल, तुला दिसेलही, पण त्याला बसवायचं कुठे ते कळणार नाही.

ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएसच्या वेबसाइटवरची माहिती मी नीट वाचली. ऑगस्ट २०११ पर्यंत तिच्यात विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या असत. एक सुटा शब्द समोर यायचा, पुढे ना मागे वाक्य, आणि त्याचा उलटा अर्थ पाच पर्यायांतून ओळखायचा. तेव्हा घोकंपट्टीशिवाय इलाज नव्हता. तुझ्या मैत्रिणीने दिलेलं ते जाडजूड जुनं पुस्तक त्या काळाला धरून आहे. आता ते दोन्ही प्रकार गेले. आता एक ते तीन रिकाम्या जागांचा मजकूर येतो. दोन किंवा तीन जागा असतील तर सगळ्या बरोबर आल्याशिवाय अर्धा मार्कही नाही. दुसरा प्रकार सहा पर्यायांतून दोन निवडायचा, आणि ते दोन्ही घालून वाक्याचा अर्थ सारखाच निघाला पाहिजे. बाकी उताऱ्यांवरचे प्रश्न. म्हणजे शब्द आता कायम वाक्याच्या कुशीत बसून येतो. मग शिकताना त्याला वाक्यातून उपटून का काढायचं?

माझ्या वहीतल्या रेघोट्या पाहून लहानपणी तू विचारायचीस, बाबा हे चित्र कसलं? ते पिटमन शॉर्टहँड. त्यात व्यंजनांच्या रेघा काढतात आणि वेगात लिहिताना स्वर बहुतेक गाळतात. त्यामुळे एकाच रेघेचे दोन-तीन शब्द होऊ शकतात. प्रॉसिक्यूट आणि पर्सिक्यूट यांची तर व्यंजनं तीच. एक खटला चालवणं आणि दुसरा छळ करणं! कोर्टात हा घोटाळा परवडणार नाही म्हणून शिकवतानाच दोघांच्या आकृत्या वेगळ्या करून देतात. पण अशी सोय मोजक्याच शब्दांना. बाकी वेळी संध्याकाळी टाइप करायला बसलं की वहीत नुसता सांगाडा असतो आणि त्यात कोणता शब्द होता ते वाक्यच सांगतं. ‘तरीही’ आलं की मागच्याच्या उलट काहीतरी येणार, ‘इतकंच नव्हे’ आलं की त्याच दिशेने आणखी जोरात, कोलन आला की पुढे खुलासा. आम्ही जन्मभर केलं ते हेच.

तू असं कर. प्रश्न समोर आला की पर्यायांवर हात ठेव. वाक्य वाच आणि रिकाम्या जागी आपला शब्द घाल. मराठीत सुचला तरी हरकत नाही, उलट बरंच. मग हात काढ. समज वाक्य असं आहे: ‘एरवी तासभर बोलणाऱ्या अध्यक्षांचं आजचं भाषण मात्र आश्चर्य वाटावं इतकं ____ होतं.’ तुझ्या डोक्यात येईल, आटोपशीर. आता पर्याय बघ: व्हर्बोस, लॅकॉनिक, प्रोलिक्स, टर्स, एलोक्वंट, बनाल. व्हर्बोस आणि प्रोलिक्स ही पाल्हाळाची जोडी मुद्दाम ठेवलेली आहे. समान अर्थाचे दोन दिसले की उतावळी पोरं त्यांच्यावरच खूण करतात. एलोक्वंट आणि बनाल वाक्यात कसेबसे बसतीलही, पण त्यांना जोडीदार नाही. उरले लॅकॉनिक आणि टर्स. पर्याय आधी वाचले असतेस तर सहाही शब्द तुझ्याशी वकिली करत बसले असते.

आता ज्यांच्यापासून जपायचं ते शब्द. अवघड शब्दांची तू धास्ती घेतलीस, पण मला भीती वाटते ती तुला येतात असं तुला वाटणाऱ्या शब्दांची. सँक्शन घे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८, कलम १९: सरकारी नोकरावर खटला भरायचा तर आधी सँक्शन लागतं, म्हणजे मंजुरी. आणि पेपरात एखाद्या देशावर सँक्शन्स लावले असं येतं तेव्हा ती शिक्षा असते. दोन टोकं, शब्द एक. क्वालिफाइड सपोर्ट म्हणजे शिकलेल्यांचा पाठिंबा नाही, हातचं राखून दिलेला पाठिंबा. आणि डिसइंटरेस्टेड! न्यायाधीश डिसइंटरेस्टेडच असायला हवा, कारण त्याचा अर्थ निःपक्ष, स्वतःचा काही हितसंबंध नसलेला. कंटाळलेला न्यायाधीश तो वेगळा, तोही मी पाहिलाय. तुझ्या यादीत या तिघांपैकी एकही नाही. सोपे समजून वगळले असणार.

क्लासमध्ये लॅटिन-ग्रीक धातू शिकवतात असं तू म्हणालीस. शिक, उपयोग होतो. आपण प्रति, अनु, दुर् हे उपसर्ग धरून संस्कृत शब्द उलगडतो तसंच ते. पण धातूवर डोळे मिटून भरवसा टाकू नकोस. एनर्व्हेट दिसायला एनर्जीचा भाऊ वाटतो आणि अर्थ निघतो शक्ती काढून घेणं. इनफ्लेमेबल म्हणजे पेट न घेणारं असं समजून टँकरजवळ कुणी काडी ओढू नये. धातूवरून अंदाज बांधायचा आणि वाक्याकडून तो तपासून घ्यायचा, असा क्रम ठेव.

कोर्टातले शब्द आणि तुझ्या परीक्षेतले शब्द इतके एक कसे, असा प्रश्न मला पडला होता. कारण इतिहासात आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि कोर्टकचेरीत फ्रेंच शिरली; दप्तराला लॅटिन होतीच. कोर्टातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा व्हायला १३६२ साल उजाडलं, आणि तोवर ती भारदस्त शब्दसंपत्ती कायद्याच्या अंगात मुरली होती. आपल्याकडे फिर्याद, जामीन, वकील, तारीख राज्यकर्त्यांबरोबर आले आणि राज्यकर्ते गेल्यावरही राहिले, तसंच. इंग्रजांची घरातली बोली एक आणि विद्वानांची भाषा दुसरी राहिली, आणि ही परीक्षा त्या दुसऱ्या भाषेची आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. आई हसली, तूही हसशील. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल वेबसाइटवर फुकट मिळतात. आठवड्याला एक उघड. अख्खा नको, पंधरा-वीस पानं पुरेत. शब्द भेटतील ते भेटतील, पण खरा फायदा उताऱ्यांना होईल. निकालात कोर्ट आधी पानंच्या पानं एका बाजूचं म्हणणं मांडतं, इतक्या निष्ठेने की नवख्याला वाटावं, हेच कोर्टाचं मत. मग दुसरी बाजू. मग कुठेतरी एक छोटं वाक्य येतं की हे म्हणणं आम्हाला मान्य करता येत नाही, आणि सगळं फिरतं. तुझ्या उताऱ्यांतही हीच ठेच लागते. लेखक दुसऱ्याचं मत सांगतोय की स्वतःचं, आणि स्वतःचं असेल तर ते किती ठामपणे, यावर प्रश्न असतात. कोण बोलतंय ते प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने लिहायची सवय लाव. मात्र उतारे विज्ञानाचे, समाजशास्त्राचे, कलांचे, व्यापाराचे, कसलेही असतात, त्यामुळे नुसत्या निकालांवर भागणार नाही. दिवाळीत येशील तेव्हा आपल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊ. १८४० सालापासूनची संस्था, तिथे दोन तास मोबाइल बंद ठेवून वाचायला बसणं हाही एक अभ्यासच आहे.

रोज पन्नास शब्द पाठ करतेस आणि आठवड्याने दहाही आठवत नाहीत म्हणून फोनवर रडवेली झाली होतीस. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्ये विसरण्याचा हिशोब मांडला. सर्वात जास्त गळती पहिल्या काही तासांतच होते, पुढे ती मंदावते. पण त्याने पाठ काय केलं होतं? मुद्दाम निरर्थक अक्षरगट, कारण अर्थ असला की लक्षात राहायला मदत होते आणि मोजमाप बिघडतं. वाक्याविना घोकलेला शब्द तुझ्यासाठी असाच निरर्थक अक्षरगट आहे. पन्नासाचे पंधरा कर. कार्डाच्या एका बाजूला शब्द गाळलेलं वाक्य, दुसऱ्या बाजूला शब्द. ओठांवर आल्याशिवाय कार्ड उलटायचं नाही. सेबास्टियन लाइटनर याने १९७२ मध्ये यासाठी खोक्याची युक्ती सांगितली: आठवलं ते कार्ड पुढच्या कप्प्यात, तिथे त्याची पाळी उशिरा येते, चुकलं ते परत पहिल्या कप्प्यात, रोजच्या उजळणीला. तुझं ते अ‍ॅप हेच करतं म्हणे. मग अ‍ॅपच वापर, पण त्यात वाक्यं स्वतः टंक. दुसऱ्याने बनवलेला तयार गठ्ठा उतरवून घेऊ नकोस.

परीक्षेतल्या निबंधात हे शब्द पेरत सुटू नकोस. अर्ध्या तासात एक निबंध, त्यात मुद्दा आणि त्याची बाजू मांडायची. जड शब्दांचे दागिने घालून आलेले अर्ज साहेब कसे वाचायचे, ते मी समोर बसून पाहिलंय.

वेळेचं गणित तू माझ्यापेक्षा चांगलं करशील. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा दोन तासांच्या आत आणली आहे. व्हर्बलचे, म्हणजे भाषेच्या प्रश्नांचे, दोन भाग: आधी १२ प्रश्नांना १८ मिनिटं, मग १५ प्रश्नांना २३. पहिला भाग कसा गेला त्यावरून दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. चुकीला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही जागा कोरी सोडू नकोस. मनासारखं झालं नाही तर २१ दिवसांनी पुन्हा देता येते आणि गुण पाच वर्षं चालतात. आणि हो, नाव नोंदवताना पासपोर्टवर आहे तसंच नाव भर, माझं नाव मध्ये आहे की नाही ते बघून. पासपोर्ट आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेला असला तरी परीक्षा केंद्रावर ती ओळख चालणार नाही.

दर रविवारी मी तुला एक वाक्य पाठवत जाईन. आजचं हे घे, कोर्टातलंच आहे: ‘उलटतपासणीत वकिलांनी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला, पण साक्षीदाराची उत्तरं इतकी ____ होती की तो घटनास्थळी होता की नव्हता हे शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.’ पर्याय: कँडिड, इक्विव्होकल, हेझिटंट, फोर्थराइट, अ‍ॅम्बिग्युअस, कॉजंट. दोन निवड, आणि उरलेले चार का नाहीत तेही सांग. हेझिटंटवर तू अडशील असा माझा अंदाज आहे. आईने पैज लावलीय की अडणार नाहीस.

तुझा,
बाबा