सांतोरिनीच्या विवरातून

अथेन्स,
२९ सप्टेंबर २०२५

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

निघण्यापूर्वी तू बजावले होतेस की पांढऱ्या घरांची आणि निळ्या घुमटांची छायाचित्रे पाठवू नकोस, ती दिनदर्शिकांवरही असतात. तिथला दगड कसा आहे ते लिही. सांतोरिनी या ग्रीक बेटावरून कालच अथेन्सला परतलो आणि आज निवांत लिहायला बसलो आहे. बेटावर इतरही पुष्कळ पाहिले, पण पत्र मात्र एकाच दिवसाचे, होडीतून विवर हिंडलो त्या दिवसाचे लिहितो. कारण हे बेट वरून पाहणाऱ्याला देखणे दिसते आणि खालून पाहणाऱ्याला कळते, असे माझे मत झाले आहे.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आण. पूर्वेला चंद्रकोरीच्या आकाराचे थिरा हे मुख्य बेट, वायव्येला थिरासिया आणि नैर्ऋत्येला अस्प्रोनिसी नावाचा चिमुकला तुकडा. ही तिन्ही एकाच मोडक्या वर्तुळाची शकले आहेत, आणि त्यांच्यामधला सुमारे ११ किलोमीटर लांब व ७ किलोमीटर रुंद समुद्र हेच ज्वालामुखीचे विवर. साधारण ३,६०० वर्षांपूर्वी, कांस्ययुगात, येथे मानवाने अनुभवलेल्या अतिप्रचंड उद्रेकांपैकी एक झाला; जमिनीखालचा शिलारसाचा साठा रिता झाल्यावर वरचे छत खचले, आणि मागाहून वायव्येकडच्या खिंडीतून समुद्र आत घुसला असावा, असे सागरतळाच्या अलीकडच्या अभ्यासातून दिसते. असे खचणे पूर्वीही झालेले होते, त्यामुळे आज आपण पाहतो ते एका विवराचे नव्हे, तर एकात एक कोसळलेल्या अनेक विवरांचे अवशेष आहेत. आतला तळ काही ठिकाणी ३९० मीटरपर्यंत खोल असल्यामुळे मोठ्या प्रवासी जहाजांना तेथे नांगर टाकता येत नाही. ती इंजिने चालू ठेवून किंवा बोयाला बांधून उभी राहतात आणि उतारू लहान नावांतून किनाऱ्यावर येतात. या जहाजांच्या गर्दीला कंटाळून येथे यंदापासून दिवसाला ८,००० उतारूंची मर्यादा घातली आहे, आणि तरीही गर्दी भरपूर वाटली.

फिरा हे मुख्य गाव कड्याच्या माथ्यावर आहे आणि जुने बंदर त्याच्या थेट पायथ्याशी. खाली जाण्यासाठी पाळण्यांची तारवाट आहे, ती काही मिनिटांत पोहोचवते. पण मी पाचशेहून अधिक पायऱ्यांची फरसबंद वाट धरली. या वाटेवर खेचरे चालतात आणि त्यांच्या लिदीने पायऱ्या निसरड्या झालेल्या असतात, त्यामुळे ती फार रमणीय आहे असे म्हणवत नाही. परंतु उतरताना डाव्या-उजव्या हातांना कातळाचे थर एकेक करून वर सरकत जातात, आणि खाली पोहोचेपर्यंत आपण काही लाख वर्षे मागे आलेलो असतो. हा अनुभव पाळण्यात बसून येत नाही.

आमची होडी लाकडी, दोन डोलकाठ्यांची होती. शिडे शोभेपुरती, काम सगळे इंजिनाचे. धक्का सोडून ती पुरेशी लांब गेली, तेव्हा सुमारे ३०० मीटर उंचीचा तो कडा प्रथमच एका नजरेत मावला. तळाशी काळपट लाव्हा, मध्ये गंजासारखा तांबडा पट्टा, त्यावर करडी राख, पुन्हा काळा कातळ, आणि सर्वांत वर फिकट, जवळजवळ पांढरा थर. हा वरचा थर म्हणजे त्या कांस्ययुगीन उद्रेकाची राख आणि प्यूमिस, म्हणजे सच्छिद्र, हलका दगड. काही ठिकाणी त्याची जाडी कित्येक मीटर भरते. त्याच्या माथ्यावर पांढरी गावे इतकी टोकाला बसली आहेत की राखेचा थर कोठे संपतो आणि चुन्याच्या भिंती कोठे सुरू होतात, हे दुरून नीट उमगत नाही. पुष्कळशी जुनी घरे तर त्या राखेतच कोरून काढलेली आहेत.

तुला साहजिकच सह्याद्री आठवेल. थरांचे कडे आपल्याकडेही आहेत, पण घडण निराळी. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून पातळ होऊन वाहिला, दूरवर पसरला, आणि म्हणून आपले थर मैलोन्‌मैल समांतर धावतात. येथल्या शिलारसात बऱ्याचदा सिलिकाचे प्रमाण जास्त. तो चिकट, वायू कोंडून धरणारा आणि म्हणून स्फोटक. येथले थर कोठे फुगतात, कोठे तुटतात, कोठे दुसऱ्याच थराखाली नाहीसे होतात. कोकणकड्याच्या काठावर पालथे पडून खाली पाहताना आपल्याला शांत वाटत आले आहे. या कड्याकडे खालून पाहताना मला तसे मुळीच वाटले नाही. आणखी एक गोष्ट खास तुझ्यासाठी: इमेरोविग्ली गावाखाली स्कारोस नावाचा बोडका सुळका विवरात पुढे आलेला आहे, आणि त्यावर मध्ययुगात व्हेनिसच्या सरदारांचा किल्ला व गाव होते. भूकंपांनी ते मोडत गेले आणि लोक निघून गेले. आज भिंतींचे थोडे तुकडे उरले आहेत, पण जागेची निवड पाहून तू मान डोलावली असतीस.

विवराच्या मध्यभागी दोन काळी बेटे आहेत, पालेया कामेनी आणि नेया कामेनी. उद्रेकानंतर समुद्रतळातून नव्याने उगवलेला हा ज्वालामुखी आहे. आम्ही प्रथम नेया कामेनीवर उतरलो. त्याचा बराचसा भाग १७०७ ते १७११ या काळात पाण्यावर आला. त्या वेळचा वृत्तान्त असा की, समुद्रात काहीतरी दिसू लागले तेव्हा ते फुटलेले जहाज समजून लोक होड्या घेऊन गेले, आणि वर आलेल्या खडकावर त्यांना चिकटलेली कालवे सापडली. पायांखालची जमीन वर चढत असताना ती माणसे कालवे काढत होती, हे चित्र माझ्या डोक्यातून जाईना. पुढे १८६६ ते १८७०, मग १९२५ ते १९२८, १९३९ ते १९४१ आणि शेवटी १९५० असे उद्रेक होत गेले. म्हणजे या बेटावरचा सर्वांत धाकटा दगड तुझ्या-माझ्या थोरल्या बंधूंच्या वयाचा आहे.

धक्क्यापासून माथ्यापर्यंत अर्ध्या तासाची चढण आहे, उंची जेमतेम सव्वाशे मीटर. सावली नाही, पाणी नाही, आणि पायवाटेवर बारीक खडी घसरते. दोन्ही बाजूंना डेसाइट या काळ्या ज्वालामुखी खडकाचे धारदार धोंडे अस्ताव्यस्त पडलेले आहेत. आपल्या कातळावर बसता येते, तसे यांच्यावर बसता येत नाही, कपडे फाटतात. माथ्यावरच्या विवरांच्या काठाशी पिवळट डाग दिसतात आणि फटींतून वाफ येते. हात जवळ नेला तर चटका बसतो आणि गंधकाचा वास नाकात शिरतो. आसपास वैज्ञानिकांची उपकरणे ठेवलेली आहेत. २०११-१२ मध्ये खाली शिलारस साचून विवराची जमीन काही सेंटिमीटर फुगली, ती अशाच उपकरणांनी आणि उपग्रहांनी टिपली होती. यंदाच्या फेब्रुवारीत तर सांतोरिनी आणि आमोर्गोस या बेटांच्या दरम्यान हजारो धक्के बसले, ११,००० हून अधिक लोक बेट सोडून गेले, आणि खोलवर सरकणारा शिलारस हे त्याचे कारण असल्याचे संशोधकांनी नंतर दाखवले. आमच्याबरोबरच्या वाटाड्या बाईंनी हे सगळे इतक्या सहज आवाजात सांगितले की एका वृद्ध प्रवाशाने त्यांना विचारले, ‘मग तुम्ही परत का आलात?’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘द्राक्षे कोण तोडणार?’

पालेया कामेनीचे फार लिहीत नाही. तिथल्या गरम झऱ्यांची जाहिरात मोठी आहे, पण होडी झऱ्यापर्यंत जात नाही. थंड समुद्रात उडी मारून पोहत आत जावे लागते, आणि मग लोखंडाच्या गंजाने नारिंगी झालेले कोमट, गढूळ पाणी लागते. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला ते अवघड नाही, पण ‘गरम’ हा शब्द उदारपणे वापरला आहे. पांढरे कपडे घालून उतरलेल्या एका जोडप्याचे कपडे पुन्हा पांढरे झाले नसावेत.

त्यानंतरचा थिरासिया हा मला त्या दिवसाचा सर्वांत चांगला भाग वाटला, आणि बहुतेक प्रवासी तेथे केवळ जेवायला थांबतात याचे नवल वाटले. कोर्फोस बंदरात पाण्यालगत दोन-चार खाणावळी आहेत, आणि मनोलास हे गाव वर कड्यावर. जेवणात फावा होता, म्हणजे येथल्याच एका पिवळ्या डाळीचे शिजवून घोटलेले, आपल्या घट्ट वरणासारखे काहीतरी, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचे तेल. शिवाय पाणी न देता वाढणाऱ्या बारीक टोमॅटोंचे तळलेले वडे. ते उरकून मी वर चढलो. गावात माणसे थोडी, दुकाने नाहीत म्हटले तरी चालेल, आणि विवराचे दृश्य मात्र फिराच्या तोडीचे, शिवाय समोर फिरा. याच थिरासियावर सुएझ कालव्याच्या बांधकामासाठी ज्वालामुखीची राख खणून नेत, कारण चुन्यात मिसळली की ती पाण्यातही घट्ट होते. त्या खाणींत राखेखाली प्राचीन घरांच्या भिंती १८६६ मध्ये उघड्या पडल्या. ज्या कालव्याने मुंबई बंदराचे दैव पालटले, त्यात या बेटाची राख गेली आहे, हे मला ठाऊक नव्हते. तुला होते का?

त्या भिंतींमुळे राखेखाली काय दडले आहे याचा शोध सुरू झाला, आणि १९६७ मध्ये पुरातत्त्वज्ञ स्पिरिदोन मारिनातोस यांनी मुख्य बेटाच्या दक्षिणेला आक्रोतिरी येथे मोठे उत्खनन हाती घेतले. दुमजली-तिमजली घरे, रांजण, भिंतीवरची चित्रे निघाली, पण माणसांचे सांगाडे मिळाले नाहीत. आधीच्या भूकंपांनी सावध होऊन लोक निघून गेले असावेत. एका घरातल्या चित्रात होड्यांचा तांडा एका गावाकडून दुसऱ्याकडे चालला आहे, छताखाली माणसे बसली आहेत आणि भोवती डॉल्फिन उसळत आहेत. होडीतून विवर पाहिल्यावर हे चित्र आठवले, तेव्हा त्या माणसांचा समुद्र आजच्यापेक्षा निराळ्या आकाराचा होता, हे प्रकर्षाने जाणवले.

परतताना होडी उत्तर टोकाच्या इया गावाखालच्या अम्मुदी या लहान बंदराशी थांबली. तिथला कडा पूर्ण तांबडा आहे. वरची देखणी घरे १९व्या शतकातल्या जहाजमालक कप्तानांची. ९ जुलै १९५६ च्या मोठ्या भूकंपात गावाची दुर्दशा झाली आणि पुष्कळ कुटुंबे अथेन्सला गेली. आज वर सूर्यास्त पाहण्यासाठी माणसे तासभर आधी भिंतींवर जागा धरून बसतात. आम्ही तो खालून, होडीतून पाहिला. सूर्य थिरासियाच्या पलीकडे उतरला आणि वर टाळ्या वाजल्या. चांगला सूर्यास्त होता. मुरुडलाही तितकाच चांगला होतो.

तू आलास तर जुलै-ऑगस्ट टाळ, तेव्हा उत्तरेचा वारा होड्या बंद पाडतो. बूट जाड तळव्याचे आण, आणि थिरासियाला एक रात्र तरी काढ. डिसेंबरात हरिश्चंद्रगडाचे नक्की झाले की कळव, म्हणजे मी रजेचे पाहीन. नेया कामेनीवरून दगड उचलण्यास मनाई असल्यामुळे तुझ्यासाठी छायाचित्रेच आणली आहेत, सगळी दगडांची. वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मनोहर