पाणवेलीची वंशावळ

महोदय,

गोदापात्रातील पाणवेली (जलपर्णी) काढल्याचे फोटो छापून येतात आणि थोड्याच दिवसांत नदी पुन्हा हिरवीगार होते. (बाहेरगावचे पाहुणे ती हिरवळ पाहून खूशही होतात!) ही वनस्पती मूळची ॲमेझॉन खोऱ्यातली. जगभरच्या नमुन्यांचा डीएनए ताडून पाहिला, तेव्हा मूळ प्रदेशाबाहेर बहुतेक ठिकाणी एकाच रोपाच्या हुबेहूब प्रती आढळल्या. म्हणजे ती बियांपेक्षा फुटव्यांनीच जास्त पसरली. तुटलेला एक फुटवाही पुरतो. मग उपसलेले ढीग काठावरच का टाकतात? पूर आला की ते २०१९ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळालेल्या नांदूरमध्यमेश्वरकडेच वाहून जाणार.

गंगापूर धरणापासून नांदूरमध्यमेश्वरपर्यंतच्या पाणवेलीच्या नमुन्यांचे डीएनए एखाद्या महाविद्यालयाकडून तपासून घ्यावेत. सगळे एकसारखे निघाले तर वेल कुठून आली ते कळणार नाही, हे मान्य. पण वेगवेगळे निघाले, तर बीसुद्धा रुजते आहे असे समजावे. ते गाळात वर्षानुवर्षे टिकते, तेव्हा नुसती वरची पाने ओढून भागायचे नाही. सिंहस्थाच्या कामांत एवढी तपासणी सहज बसेल.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक