पिन कापू नका, लाइन ओढा

संपादक महोदय,

हजार वॅटची जुनी कॉइलची शेगडी बिघडली की हल्ली तिच्या जागी दोन हजार वॅटची इंडक्शन येते. घरी आणल्यावर कळते, तिची जाड पिन ओट्यावरच्या लहान सॉकेटमध्ये शिरतच नाही. मग कन्व्हर्टर आणला जातो, नाहीतर पिन कापून सहा अँपिअरची बसवली जाते. शेगडी चालते आणि विषय संपतो!

पिन जाड असते ती उगीच नाही. २३० व्होल्टवर हजार वॅटला सुमारे ४.३ अँपिअर लागतात, दोन हजारला ८.७. करंट दुप्पट झाला की पिन आणि सॉकेटच्या त्याच ढिल्या जोडातली उष्णता चौपट होते. आधी पिन काळवंडते, मग प्लगला हात लावला तर चटका बसतो. जळका वास यायला लागेपर्यंत बोर्डामागच्या वायरीचे आवरण कडक होऊन तडकलेले असते.

नुसता सॉकेट बदलूनही भागत नाही. जुन्या इमारतींत ओट्याच्या बोर्डाला बऱ्याचदा दिव्यांच्याच लाइनची एक स्क्वेअर एमएमची वायर असते, कुठे कुठे तर ॲल्युमिनियमची. फ्यूज उडतो म्हणून जाड तार घालणे किंवा सहाच्या जागी सोळाची एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) टाकणे म्हणजे भिंतीतल्या वायरीचाच फ्यूज करणे.

मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढून घ्यावी, मध्ये जोड न देता. आयएसआय मार्कची २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, फेज (वीज आणणारी), न्यूट्रल (परत नेणारी) आणि हिरवी अर्थ तिन्हीला. ओट्याशी १६ अँपिअरचा सॉकेट आणि स्विच, मेनला १६ अँपिअरची एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच). सॉकेट सिंकपासून लांब आणि शेगडीच्या बाजूला, वर नको. वाफ थेट त्यात जाते. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

सगळ्यात घातक जुगाड अर्थिंगचा. घरात अर्थ नसेल तर काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात वायरचा तुकडा टाकतात. टेस्ट लॅम्प लावला तर तो छान पेटतो, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. पण जुन्या बोर्डात बऱ्याचदा न्यूट्रललाही फ्यूज असतो. तो उडाला की शेगडी बंद पडते, फेज मात्र शेगडीच्या आतून न्यूट्रलवर आणि त्या तुकड्यातून शेगडीच्या पत्र्यावर येतो. बंद पडलेली शेगडी बघायला हात लावणाऱ्याला २३० व्होल्टचा झटका! म्हणून मेन बंद करून सॉकेट उघडायला लावा आणि असा तुकडा नाही ना, हे डोळ्यांनी बघा. नळाला बांधलेल्या अर्थचाही भरवसा नको, पाइप पीव्हीसीचा झाला की ती नावापुरतीच उरते.

आणि वीजबिलावरचा मंजूर भार तपासा. गिझर आणि शेगडी एकदम चालणार असतील आणि भार एक किलोवॅटच असेल, तर वाढीव भाराचा अर्ज आधी करावा, शेगडी मग आणावी.

– एक वायरमन, दादर